डिस्क भरतो एक, जॉब मरतो दुसऱ्याचा

सुपरकॉम्प्युटरची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: किती पेटाफ्लॉप? १९९१ साली पुण्यात सी-डॅकने परम ८००० उभा केला, तेव्हापासून या शहराला वेगाच्या आकड्याचं कौतुक आहे, आणि ते असायलाच हवं. २०१५ ला केंद्राने साडेचार हजार कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर केलं. पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म आला. आयआयटीएममध्ये २०१८ ला प्रत्युष आला. २६ सप्टेंबर २०२४ ला तीन परम रुद्र यंत्रांचं लोकार्पण झालं, त्यातलं पुण्यातलं जीएमआरटीच्या खगोलवाल्यांसाठी. तिन्ही मिळून १३० कोटी. सगळा पैसा तुमचा-आमचा.

मी अशाच एका क्लस्टरची देखभाल करतो. आमचं यंत्र या सगळ्यांपेक्षा बरंच लहान, पेपरात कधी न आलेलं. पण अनुभवाने सांगतो, तिथली रोजची भांडणं वेगावरून होत नाहीत. जागेवरून होतात. डिस्कवरच्या जागेवरून. त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडी ओळख. क्लस्टर म्हणजे एकच अजस्र यंत्र नसतं. रॅकमध्ये एकावर एक ठेवलेले पुष्कळ सर्व्हर, त्यांना नोड म्हणायचं. आमच्या एका नोडमध्ये ४८ कोअर आणि नोडच्या पोटात स्वतःची ४८० जीबीची एसएसडी. संशोधक आपलं गणित एका स्क्रिप्टमध्ये लिहून रांगेत लावतो, तो जॉब. "मला १२ कोअर द्या, ६४ जीबी मेमरी द्या, तीन दिवस द्या." ही रांग स्लर्म नावाचा प्रोग्रॅम चालवतो. आमची पोरं त्याला मुकादम म्हणतात. मुकादम बघतो कुठल्या नोडवर किती कोअर मोकळे आहेत आणि जॉब तिथे पाठवतो. बारा-बारा कोअरचे चार जॉब एका नोडवर बसतात. वडापसारखं, सीट भरेपर्यंत बसवायचं. शेजारी कोण बसलंय हे एकमेकांना माहीतही नसतं.

कोअर आणि मेमरीची वाटणी कडक असते. लिनक्सच्या गाभ्यात २००८ पासून सीग्रुप नावाची सोय आहे. तुम्ही १२ कोअर मागितले तर तेरावा मिळत नाही. ६४ जीबी मागून सत्तर खायला गेलात तर तुमचाच जॉब मारला जातो, शेजाऱ्याचा नाही. इथवर न्याय अगदी चोख. पण डिस्क? सीग्रुपला लिहिण्याचा वेग आवळता येतो. एकूण किती लिहून ठेवलं याला तो हातच लावत नाही.

आता डिस्क भरली की काय होतं ते नीट बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. एका जॉबने डिस्क जवळजवळ पूर्ण खाल्ली, तरी यंत्र त्याला काही म्हणत नाही. तो आपला खात असतो. जागा संपली की त्यानंतर ज्या कुणाला चार अक्षरं लिहायची असतील त्याला यंत्र सांगतं, "जागा नाही." आणि तो मरतो. ज्याने डिस्क भरली त्याचं लिहून झालेलं असेल, आता फक्त वाचायचं असेल, तर तो आरामात काम पुरं करून, आपल्या तात्पुरत्या फाईली पुसून निघून जातो. मागे पुरावासुद्धा राहत नाही. सकाळी मी बघतो तर डिस्क रिकामी आणि तीन जॉब मेलेले.

जीवशास्त्राची एक पीएचडीची मुलगी आहे, मराठवाड्यातली. जीनोमचं काम करते. रांगेत चार दिवस थांबायचं, मग जॉब चालू व्हायचा, साठ तास चालायचा आणि मरायचा. तीनदा. तिसऱ्यांदा माझ्या केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, मी खरंच काही नाही हो केलं." लॉगमध्ये तर तिच्याच जॉबच्या नावाने लिहिलेलं, जागा संपली. तिच्या गाईडनी लॉग बघून तिलाच सुनावलं होतं की कोड नीट लिही, एवढ्या फाईली कशाला काढतेस. फेलोशिपची पाच वर्षं असतात, त्यातले हे आठवडे तिच्या खात्यातून वजा झाले.

मग मी दर पाच मिनिटांनी प्रत्येक जॉबची डिस्क मोजून नोंद ठेवणारी एक छोटी स्क्रिप्ट लावली. चौथ्यांदा सापडलं. तिचा वापर ९ जीबी. शेजारी क्वांटम केमिस्ट्रीचा जॉब, त्याचा ४४० च्या वर.

तो केमिस्ट्रीचा मुलगाही गुन्हेगार नव्हे हं. गरीब, कामसू पोरगा. या गणितात इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांची जी कोष्टकं डिस्कवर लिहिली जातात ती ढोबळ मानाने चौथ्या घाताने वाढतात. गणिताचा आकार दुप्पट केला की फाईल सोळापट. मागच्या महिन्यात त्याची फाईल २८ जीबीची होती. यावेळी त्याने रेणू थोडा मोठा घेतला, बस. आपण शेजारच्या तिघांचं ताट ओढून जेवतोय हे त्याला सांगणारं यंत्रात कुणीच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो इतका ओशाळला की मलाच कसंतरी झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग कोटा लावा ना, त्यात काय एवढं. लावलेला असतोच की. डिस्क कोटा ही फार जुनी सोय. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये ती होती, रॉबर्ट एल्झ यांनी लिहिलेली. पण तिचं माप काय होतं? माणूस. म्हणजे लॉगिन. तेव्हा एका यंत्रावर पुष्कळ माणसं बसायची, प्रत्येकाचं एक घर, घराला एक मर्यादा. अजूनही तुमच्या होम डिरेक्टरीला हेच माप बरोबर आहे, कारण घर माणसाचंच असतं.

नोडवरची तात्पुरती जागा मात्र माणसाची नसते, जॉबची असते. ४८० चे चार भाग करून माणशी १२० लावा. एखाद्याने अख्खा नोड एकट्यासाठी घेतला असला तरी त्याला १२० च, उरलेले ३६० रिकामे पडून. बरं, सैल सोडून ४०० लावा. दोघे आले की आठशे, डिस्क चारशे ऐंशीची. आणि एकाच मुलाचे चार जॉब एका नोडवर असले तर? माणूस एक, मर्यादा एक, आणि त्याचाच एक जॉब त्याच्याच बाकी तिघांचा गळा धरतो. आकडा कितीही बदला, काही फरक पडत नाही. कारण आकडा चुकलेलाच नाही. माप चुकलंय.

स्लर्ममध्ये "मला इतकी तात्पुरती जागा लागेल" असं सांगायची एक सोय आहे, ती बघून पुष्कळ लोक निर्धास्त राहतात. तिचा उपयोग एवढाच, की या नोडची एकूण डिस्क तेवढी मोठी आहे का हे ती तपासते. आधी कुणाला किती दिली याची वजाबाकी ती करत नाही. त्यामुळे ४०० मागणारे दोघे एकाच नोडवर सुखाने पोचतात. एकाच मुहूर्ताला दोन लग्नांना एकच हॉल दिल्यासारखं.

एक रात्र तर विसरणार नाही. गणपतीची सुट्टी, सगळं कॅम्पस घरी. एका नोडची डिस्क काठोकाठ भरली. त्यावर आलेला पुढचा जॉब दोन सेकंदांत मेला. जॉब मेला म्हणजे नोड मोकळा झाला. मुकादमाने बघितलं, अरे वा, हा नोड मोकळाय, आणि रांगेतला पुढचा जॉब तिथेच पाठवला. तोही दोन सेकंदांत मेला. मग पुढचा. बाकीचे नोड कामात असल्यामुळे मोकळा दिसणारा हा एकच. पहाटेपर्यंत रांगेतले दोनशेच्या वर जॉब त्या एका नोडने गिळले. आमच्या धंद्यात अशा नोडला कृष्णविवर म्हणतात. सकाळी मुलांचे मेल आले, सगळ्यांचा विषय एकच, "माझं काय चुकलं?"

इथे मी जरा वळण घेतो. माझं आजोळ पुरंदर तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या आणि त्यानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात सुरू केलेल्या पाणी पंचायतीच्याही. पुण्याचा इंजिनिअर माणूस, कारखानदार. त्यांनी काय केलं? पाण्याचं माप बदललं. पाणी जमिनीवर मोजायचं नाही, डोक्यावर मोजायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला कमाल अडीच एकर. ज्याची पन्नास एकर जमीन त्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस नाही म्हणजे नाही.

तिकडे जमिनीवरून माणसावर येणं हा न्याय होता. आमच्याकडे माणसावरून जॉबवर येणं हा न्याय आहे. दिशा वेगवेगळी, पण दोन्हीकडे किती देणार याच्या आधीचा प्रश्न एकच, कशावर मोजून देणार? आपल्याकडच्या वाटपाच्या सगळ्या भांडणांत, धरणाच्या आवर्तनापासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत, लोक आकड्यावर तुटून पडतात आणि मापाकडे कुणी बघत नाही.

असो. तर आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिलं, डिस्कची जागा मुकादमाच्या वहीत घातली. कोअर जसे वजा होत जातात तशीच आता नोडची जागाही जॉबगणिक वजा होते. ४८० पैकी ८० जीबी वेगळं विभाजन करून ऑपरेटिंग सिस्टिमला दिलं, म्हणजे जॉबनी काहीही केलं तरी नोडचा श्वास कोंडत नाही, कृष्णविवर होत नाही. उरले ४००. काहीच न मागणाऱ्याला कोअरमागे ८ जीबी आपोआप, म्हणजे १२ कोअरच्या जॉबला ९६. ज्याला जास्त हवं त्याने मागायचं.

पण वहीत लिहिलं म्हणजे कुणी पाळतं असं नाही, हे महाराष्ट्रात मी सांगायला नको. म्हणून दुसरं. एक्सएफएस या फाईल सिस्टिममध्ये प्रोजेक्ट कोटा म्हणून प्रकार आहे. तो माणसाकडे बघत नाही, एखाद्या डिरेक्टरीला आणि तिच्या पोटातल्या सगळ्याला एक क्रमांक देतो आणि त्या क्रमांकावर मर्यादा घालतो. (एक्सट४ मध्येही २०१६ पासून हे आलंय.) जॉब सुरू व्हायच्या आधी चालणारी एक स्क्रिप्ट असते, प्रोलॉग. ती त्या जॉबची डिरेक्टरी बनवते, जॉबचाच नंबर तिला लावते, मागितली तेवढी मर्यादा ठोकते. जॉब संपला की एपिलॉग मर्यादा काढतो, डिरेक्टरी पुसतो. मधल्या काळात जॉबला स्वतःचं खासगी टेम्प मिळतं, दुसऱ्याचं दिसतच नाही.

यात मला आवडलेली एक बारीक गोष्ट. मर्यादा ओलांडली की एक्सएफएस संदेश तोच जुना देतो, "जागा नाही." शब्द बदललेले नाहीत. पण आता तो ज्याने भरली त्यालाच जातो. आणि त्या डिरेक्टरीत उभं राहून एकूण जागा किती असं विचारलं, तर यंत्र ४०० सांगत नाही, तुमच्या वाट्याचे ९६ सांगतं. म्हणजे प्रोग्रॅमला आणि माणसाला, दोघांनाही, आपलं ताट केवढं ते आधीच दिसतं. केमिस्ट्रीच्या त्या मुलाला हेच हवं होतं.

हे सगळं मुकाट्याने झालं असं समजू नका. वापरकर्त्यांच्या समितीची बैठक झाली. एक ज्येष्ठ सर, माणूस विद्वान, मला म्हणाले, "अहो, सायन्सला कसला आलाय कोटा? उद्या म्हणाल विचार मोजून करा." सगळे हसले, मीही हसलो. पण त्यांचा दुसरा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १२ कोअरच्या एका जॉबने ३०० जीबी मागितले तर नोडवर उरले १०० जीबी. त्यात ९६ वाला आणखी एकच जॉब बसतो. म्हणजे चाराऐवजी दोन, आणि २४ कोअर रिकामे. "तुम्ही चालत्या गाडीची अर्धी सीटं रिकामी ठेवताय, वार्षिक अहवालात वापराचा टक्का खाली येईल, मग वरून विचारणा होईल."

खरंय. टक्का थोडा खाली आला. पण त्या टक्क्यात काय मोजलं जायचं ते बघा. त्या मुलीचा जॉब साठ तास चालून मेला, तीनदा. ते सगळे कोअर-तास अहवालात "वापरलेले" म्हणून जमा आहेत. मेलेल्या जॉबचे तासही जिवंत जॉबइतकेच मोजले जातात. वीज जळली, एसी चालला, यंत्र व्यग्र दिसलं, हाती काही नाही. टक्का मात्र झकास. सरकारी यंत्रांचा वापर किती टक्के, असा प्रश्न विचारताना यापुढे एक जोडप्रश्न विचारत चला: त्यातले किती तास पूर्ण झालेल्या जॉबचे?

बैठकीत एक तडजोड झाली, मला ती योग्य वाटते. हिशेबात कोअर किंवा डिस्क, ज्याचा वाटा मोठा तो धरायचा. ३०० जीबी म्हणजे ४०० चा पाऊण भाग, मग तुमच्या खात्यावर पाऊण नोड, ३६ कोअर लागणार, चालवा तुम्ही बाराच. जादा मागायला बंदी नाही, पण फुकट नाही. शिवाय मोठी जागा मागणाऱ्याला रांगेत जास्त थांबावं लागतं, कारण तेवढा मोकळा नोड मिळायला हवा. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी घाबरून तीनशे-तीनशे मागितले. दुसऱ्या महिन्यात रांग बघून आकडे आपोआप खाली आले. आता मुलं आधी लहान जॉब चालवून किती जागा लागते ते मोजतात आणि मग मागतात.

एका गोष्टीवर मात्र अजून वाद आहे, तो म्हणजे पुसण्यावर. जॉब संपला की डिरेक्टरी गेली. निकाल आधी आपल्या घरात उतरवून घेणं ही जॉबची जबाबदारी. पण वेळ संपून जॉब मारला गेला तर? अर्धवट निकालही गेले. त्यासाठी वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी जॉबला इशारा देण्याची सोय स्लर्ममध्ये आहे, स्क्रिप्टमध्ये एक ओळ घालावी लागते. निम्मी मुलं घालतात, निम्मी विसरतात. काही सर म्हणतात, पुसू नका, आठवडाभर ठेवा, मग जुन्या फाईली शोधून पुसा. मी याला ठाम विरोध करतो. जुनं शोधून पुसणारी स्क्रिप्ट काय करू शकते हे डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाने बघितलं. बॅकअपच्या यंत्रणेतल्या जुने लॉग पुसणाऱ्या स्क्रिप्टमध्ये गडबड झाली आणि सामायिक साठ्यातला ७७ टीबी डेटा गेला. ३ कोटी ४० लाख फाईली, १४ संशोधन गट. जॉबबरोबर जन्मलेली आणि जॉबबरोबर जाणारी डिरेक्टरी हे त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित, कारण काय पुसायचं याचा अंदाज करावाच लागत नाही, नंबर ठरलेला असतो. पण फसलेल्या जॉबची डिरेक्टरी एक दिवस ठेवावी का, यावर मी सध्या ऐकून घेतोय. ठेवली तर तेवढा वेळ ती जागा कुणाच्या खात्यावर, हा प्रश्न सुटल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

हे इथे लिहायचं कारण वेगळंच आहे. आता जिल्ह्याजिल्ह्यांतली कॉलेजं अनुदानातून जीपीयूचे सर्व्हर घेताहेत. एक मोठा सर्व्हर, चार विभाग, तीसचाळीस मुलं. टेंडरमध्ये कोअर, जीपीयू, मेमरी, वॉरंटी सगळं बारकाईने लिहिलेलं असतं. मी अशी तीन टेंडरं वाचली, डिस्कबद्दल "४ टीबी" यापलीकडे एक शब्द नाही. त्यात एवढीच ओळ वाढवा: "नोडच्या तात्पुरत्या डिस्कची जागा जॉबनिहाय राखीव व्हावी, ती मर्यादा फाईल सिस्टिमने पाळून घ्यावी, आणि पुरवठादाराने दोन जॉब शेजारी चालवून हे दाखवावं." एका जॉबने मुद्दाम डिस्क भरायची आणि दुसरा जिवंत राहतो का ते बघायचं. चाचणी दहा मिनिटांची आहे. यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, स्लर्म आणि एक्सएफएस दोन्ही मुक्त आहेत. आमच्या प्रोलॉग-एपिलॉगच्या स्क्रिप्टा मिळून दीडशे ओळींच्या आतबाहेर आहेत. कुणा कॉलेजला हव्या असतील तर तशाच्या तशा घेऊन जा, फक्त जीबीचे आकडे आपल्या डिस्कप्रमाणे बदला.